निवडीच्या टेबलावरचं व्याकरण

इस्पितळाच्या तळघरात धुलाई विभाग होता आणि त्याच्या अगदी तोंडाशी निवडीचं टेबल. वरच्या आठ मजल्यांवरच्या मळक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले असं सगळं गाठोड्यांत बांधून मालवाहू लिफ्टनं खाली यायचं आणि यंत्रात जाण्याआधी या टेबलावर सुटायचं. चादरी डावीकडे, टॉवेल उजवीकडे, रक्ताचे डाग पडलेलं मागच्या पिंपात. या टेबलाशी चौदा वर्षं उभी असलेली एक बाई होती. उंचीनं इतकी बेताची, की पायाखाली साबणाचं रिकामं खोकं घेतल्याशिवाय तिचे कोपर टेबलावर टेकत नसत. पण हात असा चालायचा, की समोरचीचं एक गाठोडं सुटेपर्यंत हिची दोन संपलेली असायची. अख्खा विभाग तिला टिचकी म्हणायचा. तिची त्याला ना नव्हती. ती म्हणायची, "छोटी असली तरी लागते ना?"

टिचकी नववीत शाळा सोडलेली. का सोडली, हे ती कुणाला सांगत बसत नसे. घरात आजारपण होतं, एवढंच म्हणायची. पुढे लग्न झालं. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. माणूस अबोल, पण मायाळू. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी आपसात वाटून घेतलं आणि नंतर त्यावर फार बोलणं ठेवलं नाही. घरात तिसरी व्यक्ती म्हणजे सासूबाई. त्या मात्र दोघांच्या वाटचं बोलायच्या.

सासूबाई आयुष्यभर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आल्या होत्या. सकाळी साडेसातला चाळीस पायऱ्या उतरून पेपर आणायचा, पुन्हा चढायचं आणि खिडकीशी बसून खणखणीत आवाजात पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचं. खालच्या मजल्यावरचा शिंपी तर पेपर घेतच नसे, खिडकी उघडी ठेवायचा. मग सत्तरीत डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच खराब निघाला. कडेचं दिसायचं, मधलं नाही. सासूबाई आठ दिवस गप्प बसल्या. नवव्या दिवशी त्यांनी सुनेला हाक मारली.

"अगं, दुपारी तू मोकळी असतेस. घे तो पेपर आणि वाच."

टिचकी वाचू लागली. बातमी पालिकेच्या जलवाहिनीची होती. दुसऱ्याच ओळीत 'पुनर्व्यवस्थापन' आलं आणि टिचकी त्यात अशी अडकली, जशी चिखलात चप्पल.

"थांब, थांब! श्वास घे. तिथं स्वल्पविराम असणार."

"आहे."

"मग तो काय शोभेला आहे? आणि 'पाणि' काय? 'पाणी'! मला दिसत नसलं तरी ऐकू येतं हो."

असं पंधरा दिवस चाललं. दोघी रोज दमायच्या. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. समोरच्या रस्त्याला पालिकेच्या शाळेत मोठ्या माणसांसाठी दहावीचा वर्ग भरत असे, संध्याकाळी साडेपाच ते सात. "तू तिथं जा. तू दहावी झालीस तर तुझं काय व्हायचं ते होवो, मला मात्र धड वाचणारं माणूस मिळेल."

"अहो आई, मी एकेचाळीस वर्षांची आहे."

"मग घाई कर."

*

वर्ग पहिल्या मजल्यावर होता. बाकं लहान मुलांची. मोठ्यांचे गुडघे त्यांत मावत नसत. टिचकीचे मात्र बरोबर मावले, आणि त्या वर्गातला तिचा पहिला आनंद तोच. वर्गात अकरा जण. बँकेच्या दारावरचा पहारेकरी, एक केस कापणारी, दोन बस धुणारे, बाकी असेच. शिकवायला बाई होत्या. तीस वर्षं टपालखात्याच्या खिडकीवर काढून निवृत्त झालेल्या. चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज बारीक, पण वर्गात कुणी जांभई दिली की तिथपर्यंत बरोबर पोचणारा.

बाईंचा एकच नियम होता. उदाहरणाला पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही. "पुस्तकातल्या वाक्यात नेहमी कुणीतरी आंबा खात असतो," त्या म्हणायच्या. "तुम्ही दिवसभर आंबे खाता का? आपापल्या कामाच्या जागेवरचं वाक्य आणा."

नाम, सर्वनाम, विशेषण इथपर्यंत टिचकीचं तारू नीट चाललं. ऱ्हस्व-दीर्घानं तिला रडवलं. 'कि' आणि 'की' यांनी तर तिला वर्षानुवर्षांचं वैर असल्यासारखं छळलं. ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाष्पाच्या नळीजवळ उबेला बसून शुद्धलेखन काढायची. विभागातल्या बायका हसायच्या. त्यांत सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती शिडी. शिडी म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूची, टिचकीची जोडीदारीण. सहा फुटाला चार बोटं कमी. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की मुकादम म्हणायचा, "कानामात्रा आली."

मग आलं प्रयोग-प्रकरण. बाईंनी विचारलं, "धुलाईवाल्या, वाक्य द्या."

"मी चादर धुते."

"'धुते' कुणाचं ऐकतं?"

"माझं. मी पुरुष असते तर 'धुतो' झालं असतं."

"शाबास. कर्तरी प्रयोग. आता काम झालं असं समजा."

"मी चादर धुतली."

"चादरीच्या जागी टॉवेल घाला."

"मी टॉवेल धुतला." टिचकी थबकली. "मी... चादरी धुतल्या. मी तीच आहे. पण ते माझं ऐकतच नाही!"

"कर्माचं ऐकतं. कर्मणी प्रयोग."

घरी येऊन तिनं हे सासूबाईंना सांगितलं. गॅसपाशी नवरा अंडी फोडत होता. वर्गाच्या दिवशी स्वयंपाक त्यानं आपणहून अंगावर घेतला होता आणि आठवड्याचे पाच दिवस घरात अंडी आणि भात एवढंच असे. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे काम चालू असेतो करणारीला मान, आणि काम झालं की तिला कुणी विचारत नाही. हेच ना? हे मला लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कळलं होतं. याला पुस्तक कशाला हवं?"

"आणि आई, तिसरा भावे प्रयोग. त्यात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. 'आईंना चालवत नाही.' त्यात 'चालवत' ना तुमचं ऐकतं, ना आणखी कुणाचं."

"माझे गुडघे भावे आहेत, हे डॉक्टरनं सांगायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. नवरा तव्यावर वाकून एकटाच हसत राहिला.

व्याकरणापेक्षाही घरात जास्त रंगायचं ते समाजाचं पुस्तक. पातळसं होतं. कुटुंब, गट, दर्जा, भूमिका असे धडे. टिचकी ते दुपारी मोठ्यानं वाचायची, म्हणजे सासूबाईंचंही होई आणि तिचाही अभ्यास. सासूबाई मात्र पुस्तकाशी भांडायच्या. 'जन्माने मिळतो तो अर्पित दर्जा, स्वतःच्या प्रयत्नाने मिळवतो तो अर्जित दर्जा,' असं वाचलं की लगेच सवाल. "मग सासू कशात बसते?"

"अं... मुलानं लग्न केलं म्हणून झालात. म्हणजे अर्पित."

"काय बोलतेस! सासू म्हणून नीट वागायला मला दहा वर्षं लागली. अर्जित लिही."

"परीक्षेत गुण जातील, आई."

"जाऊ देत. खरं ते लिही."

टिचकीनं ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं. तिच्या पुस्तकाचे समास असे भरत चालले होते. एका धड्यात होतं, की माणसं ज्या गटाला 'आम्ही' म्हणतात तो अंतर्गट, आणि ज्याला 'ते' म्हणतात तो बहिर्गट. तिथं तिनं लिहिलं होतं, 'तळघर आम्ही. वरचे मजले ते. चौदा वर्षांत मी सातवा मजला पाहिलेला नाही.'

*

सहामाही परीक्षेनंतरच्या एका सकाळी, पावणेनऊ वाजता, शिडी गाठोडं सोडता सोडता ओरडली. तिनं हात झटकला तेव्हा तळव्यात सुई उभी होती. इंजेक्शनची, वापरलेली. रबरी हातमोज्यातून आरपार.

त्या महिन्यात कुणाच्या हाताला लागलेली ती तिसरी सुई होती. आधीच्या दोघींना नुसतंच खरचटलं होतं. शिडीचं रक्त तपासायला घेतलं. निकालाला वेळ लागणार, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं लागणार, असं सांगितलं. घरी दोन लहान मुली होत्या तिच्या. नेहमी मोठ्यानं हसणारी शिडी त्या दिवशी टेबलाशी आली, उभी राहिली आणि गाठोड्याच्या गाठीला हातच लावेना. टिचकीनं तिच्या वाटची गाठोडी आपल्याकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. टिचकीनं ती गृहपाठ म्हणून वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेतली, कारण त्या आठवड्याला प्रत्येकानं कामावरचा एक उतारा आणायचा होता. बाईंनी तो फळ्यावर लिहिला.

'निवड विभागात सुयांमुळे इजा होण्याच्या घटना आढळून आल्या आहेत. आपण सर्व एक कुटुंब आहोत. तरी यापुढे निष्काळजीपणे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल, असा निर्णय आम्ही घेतला आहे.'

"चला," बाई म्हणाल्या. "पहिलं वाक्य. आढळून काय आलं?"

"घटना," पहारेकरी म्हणाला.

"कुणाला आढळली?"

"कुणालाच नाही. आपोआप आढळली."

"सुया गाठोड्यात कुणी ठेवल्या?"

वर्ग फळ्याकडे पाहू लागला. ते वाक्यात नव्हतंच. "'करण्यात येईल'," बाईंनी खडूनं खाली रेघ मारली. "कारवाई कोण करणार? कर्ता कुठे आहे? ही तऱ्हा मी टपालखात्यात तीस वर्षं पाहिली. कर्त्याला असा हळूच मागच्या दारानं बाहेर काढतात की वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही."

टिचकी आपल्या बाकावर ताठ झाली होती. "बाई, सगळ्या उताऱ्यात हातानं काम करणारी माणसं एकदाच येतात. 'काम करणारे कर्मचारी.' म्हणजे आम्ही. आणि ते पण निष्काळजीपणे!"

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं.

"आणखी बघा," केस कापणारी बोटानं दाखवत म्हणाली. "वर 'आपण' आहे आणि खाली 'आम्ही'."

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या भलत्याच खूश झाल्या होत्या. "हेच मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते. ऐका. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं तर तुम्ही आमच्याबरोबर नाही. 'आपण जेवायला चाललोय' म्हटलं तर तुम्हीही आहात. एकात ऐकणारा बाहेर, एकात आत. आता वाचा. कुटुंब म्हणताना 'आपण'. निर्णय घेताना 'आम्ही'."

टिचकी त्या संध्याकाळी घरी चालत आली ती नेहमीच्या दुप्पट वेळ लावून. रस्त्यावरची प्रत्येक पाटी ती थांबून वाचत होती. 'वाहने उचलून नेण्यात येतील.' 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.' कुणाकडून, कुणाकडून, असं ती ओठांतल्या ओठांत विचारत होती. चष्म्याचा नंबर लागल्यावर माणसाला झाडाची पानं सुटी सुटी दिसू लागतात, तसं तिला झालं होतं.

*

दुसऱ्या दिवशी तिनं एक कोरी वही टेबलाच्या खणात ठेवली. प्रत्येक गाठोड्याला कुठल्या कक्षातून आलं त्याची चिठ्ठी असायचीच. आता त्या गाठोड्यात बोचरं, कापणारं काही सापडलं की चिमट्यानं उचलायचं, पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि वहीत लिहायचं. तारीख, कक्ष, वस्तू. टेबलावरच्या पाचही जणी लिहू लागल्या. एकीला लिहिता येत नव्हतं, ती सुईचं चित्र काढायची.

मुकादमानं वही पाहिली. "हे काय नवं खूळ?"

"गृहपाठ आहे, मुकादम."

"साहेबांनी पाहिलं तर?"

"पाहायलाच हवं," टिचकी म्हणाली. मुकादम वाईट नव्हता. तो डोकं खाजवत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी कुठूनसे जाड कातडी हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आला. कुठून आणले, हे त्यानं सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत वहीत चौतीस नोंदी झाल्या. बावीस सुया, सात पाती, चार चिमटे आणि कुणाचीतरी दातांची कवळी. कवळी नोंदीत धरावी की नाही यावर टेबलावर मोठा वाद झाला. पण चौतीसांपैकी एकोणीस नोंदी एकाच ठिकाणच्या निघाल्या. सातव्या मजल्यावरचा शस्त्रक्रियेनंतरचा कक्ष.

टिचकीनं अर्ज लिहायला घेतला. पहिला मसुदा बाईंना दाखवला तर बाईंनी तिसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. 'आमच्या जिवाशी खेळ करण्यात येत आहे.'

"कुणाकडून?" बाई म्हणाल्या.

टिचकी हसली आणि लाजली. "सवय लागते हो बाई याची."

"मग नाव घ्या."

"सातव्या मजल्यावरच्या परिचारिका गाठोड्यात सुया टाकतात."

"झालं की. कर्तरी."

टिचकी मात्र लिहिता लिहिता थांबली. समासातली आपलीच ओळ तिला आठवली. चौदा वर्षांत जो मजला पाहिला नाही, तिथली माणसं काय करतात हे आपण छातीठोकपणे कसं लिहावं? दुसऱ्या दिवशी दोन वाजता पाळी संपल्यावर ती मालवाहू लिफ्टनं नाही, तर माणसांच्या लिफ्टनं वर गेली.

कक्षात चोवीस खाटा होत्या आणि दोन परिचारिका. मुख्य परिचारिका पन्नाशीची, कमरेवर हात, केस टोपीतून सुटलेले. टिचकी दाराशी उभी राहिली आणि बघत राहिली. एका रुग्णाला इंजेक्शन दिलं, तेवढ्यात पलीकडचा ओकायला लागला. परिचारिकेच्या हातात तबक. तबक ठेवायला जागा नाही. तिनं ते खाटेच्या चादरीवर ठेवलं आणि धावली. पाच मिनिटांनी मदतनिसानं येऊन तबक उचललं आणि चादर गुंडाळली. तबकातून घसरलेली सुई मात्र चादरीच्या सुरकुतीतच राहिली. सुया टाकायचा पिवळा डबा होता, पण तो बाहेर, बोळाच्या पार टोकाला, आग विझवायच्या बादलीशेजारी. टिचकीनं पावलं मोजली. शेवटच्या खाटेपासून एकसष्ट.

"कुणाच्या नात्यातल्या तुम्ही?" मुख्य परिचारिकेनं विचारलं. "भेटायची वेळ चारला आहे."

"मी खालची. धुलाईची." टिचकीनं पुढे होऊन त्या चादरीतली सुई दोन बोटांत अलगद धरून दाखवली. "ही उद्या सकाळी माझ्या टेबलावर आली असती."

मुख्य परिचारिकेचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. "मला वाटायचं गाठोडी बाहेर कुठल्या कारखान्यात जातात. तिथं यंत्रंच सगळं करतात."

"यंत्राआधी आम्ही पाच जणी आहोत."

"कुणाला लागलं?"

टिचकीनं शिडीचं सांगितलं. दोन मुलींचंही सांगितलं. मुख्य परिचारिका खाटेच्या कडेवर बसली. दिवसभरात ती पहिल्यांदाच बसली असावी, कारण दुसरी परिचारिका वळून बघायला लागली. "अहो, प्रत्येक खाटेच्या गाडीला डबा द्या म्हणून मी दोन वर्षं अर्ज करतेय," ती म्हणाली. "दर वेळी उत्तर येतं. 'विचार करण्यात येत आहे.'"

"कुणाकडून?" टिचकीच्या तोंडून आपोआप निघालं. दोघींनाही हसू फुटलं.

तो अर्ज त्या दोघींनी मिळून लिहिला, परिचारिकांच्या चहाच्या खोलीत, तीन दुपारी बसून. मजकूर टिचकीचा. अक्षर मुख्य परिचारिकेचं, कारण टिचकीचा 'कि-की'वर अजून पुरता भरवसा नव्हता. सुरुवात अशी होती. 'परिचारिका सुई चादरीवर ठेवतात, कारण डबा एकसष्ट पावलांवर आहे. डबा तिथे प्रशासनाने ठेवला आहे. ती सुई निवडीच्या टेबलावरच्या बायकांच्या हातात शिरते. आपण सर्वांनी मिळून हे थांबवू शकतो.' खाली वहीतल्या चौतीस नोंदी. कवळीसकट. आणि सह्या. तळघरातल्या बावीस, सातव्या मजल्यावरच्या नऊ आणि एक सुईचं चित्र.

*

व्यवस्थापकांनी भेटीला बोलावलं तेव्हा टिचकीनं वही बरोबर घेतल्याची दोनदा खात्री केली. बरोबर मुख्य परिचारिका, शिडी आणि मुकादम. मुकादम आपणहून आला. "मला आत बोलायला सांगू नका, मी दाराशी उभा राहीन," असं म्हणाला आणि प्रत्यक्षात सगळ्यांत आधी आत शिरला.

व्यवस्थापक मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोन बोटांनी टेबलावर सरळ केला. "छान लिहिलंय. कुणाकडून लिहून घेतलंत?"

"मी लिहिलं," टिचकी म्हणाली. तिला बसायला दिलेली खुर्ची उंच होती. पाय जमिनीला लागत नव्हते. तिनं ते एकमेकांत अडकवून स्थिर केले.

"बरं. तुमच्या भावना पोचल्या. योग्य ती दखल घेण्यात येईल."

"कोण घेणार, साहेब?"

"म्हणजे?"

"दखल. ती कोण घेणार? आणि कधी?"

मुकादम छताकडे बघू लागला. व्यवस्थापक जरा ताठ झाले. "बाई, प्रशासनाची एक पद्धत असते."

"आहे ना. मी तेच शिकतेय. दहावीला आहे." "आमच्या फलकावर तुमची सूचना आहे. त्यात आपण सगळे एक कुटुंब आहोत असं लिहिलंय. मग आपल्या कुटुंबातल्या हिच्या हातात सुई गेली. कुटुंबात असं झालं, तर घरचं माणूस 'दखल घेण्यात येईल' म्हणतं का? ते म्हणतं, मी बघतो."

शिडीनं तळवा टेबलावर उताणा ठेवला. मधोमध छोटा काळा ठिपका होता. व्यवस्थापकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी वही मागितली आणि एक एक नोंद वाचली. दुसऱ्या पानावर ते थांबले. "ही कवळी?"

"चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची," मुख्य परिचारिका म्हणाली. "मिळाली त्यांना. आठ दिवस पेजेवर होते बिचारे."

व्यवस्थापकांना हसू आवरेना, आणि तिथेच खोलीतली हवा बदलली. त्यांनी पेन काढलं. अर्जाच्या तळाशी त्यांच्या कारकुनानं आधीच 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' असा शेरा टंकून आणला होता. तो त्यांनी खोडला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. 'सर्व कक्षांत खाटेच्या गाड्यांना डबे मी पंधरा दिवसांत बसवून घेईन. निवड विभागाला जाड हातमोजे मी या आठवड्यात देईन. आधीची सूचना मी मागे घेतो.' खाली सही, तारीख.

बाहेर बोळात आल्यावर शिडी म्हणाली, "'घेईन', 'देईन', 'घेतो'. हे कुठलं गं?"

"कर्तरी," टिचकी म्हणाली. "तिन्ही वेळा कर्तरी!" आणि त्या दोघी, एक उंच आणि एक ठेंगणी, बोळात एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मुकादमानं खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि सर्दी झालीय असं सगळ्यांना सांगितलं.

डबे तेराव्या दिवशी बसले. पुढच्या महिन्यात टेबलावर दोन सुया आल्या, त्याच्या पुढच्या महिन्यात एकही नाही. शिडीच्या रक्ताची दुसरी तपासणीही स्वच्छ आली. त्या दिवशी ती इतकी हसली, की धुलाईची चारही यंत्रं चालू असून तिचा आवाज इस्त्रीच्या खोलीपर्यंत गेला.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. समाजाच्या पेपरात प्रश्न होता. 'अंतर्गट व बहिर्गट यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.' टिचकीनं साडेतीन पानं लिहिली, शेवटी पुरवणी मागून घेतली. बहिर्गट हा कधीकधी केवळ सात मजल्यांनी तयार होतो आणि तो मोडायला लिफ्ट पुरते, असं तिनं लिहिलं. अर्पित-अर्जितच्या प्रश्नात मात्र तिनं पुस्तकातलं उत्तर दिलं आणि खाली एक ओळ जास्तीची जोडली, 'तथापि काही सासवा अर्जित असतात.'

निकालाच्या दिवशी वर्गातल्या अकरापैकी नऊ जण पास झाले. टिचकी पहिली आली. भाषेत एक्क्याऐंशी, समाजाच्या पेपरात अठ्ठ्याऐंशी. बाईंनी गुणपत्रिका तिच्या हातात देताना चष्मा काढला आणि साखळीला लोंबकळू दिला. घरी नवऱ्यानं गुणपत्रिका तीनदा वाचली. मग एरवी कधी न बोलणारा तो माणूस जिन्यात गेला आणि खालच्या शिंप्यापासून वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येक दार वाजवून "माझी बायको पहिली आली, माझी बायको पहिली आली" असं सांगून आला. सासूबाईंनी सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. "अठ्ठ्याऐंशी? बारा कुठे गेले?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा हात सुनेच्या पाठीवरून फिरायचा थांबेना.

जून महिन्यात वर्ग पुन्हा सुरू झाले. टिचकीचं नाव आता अकरावीच्या तुकडीत, शेजारच्याच खोलीत होतं. इस्पितळानं सुरक्षा समिती नेमली होती, तिच्यात धुलाईच्या वतीनं ती बसू लागली होती, आणि तिच्यासाठी कमी उंचीची खुर्ची मुकादमानं खास शोधून आणली होती. दहावीच्या खोलीत यंदा सोळा जण होते. तिघी धुलाईच्या, एक सातव्या मजल्यावरचा मदतनीस आणि पहिल्या बाकावर गुडघे कानाशी घेऊन कशीबशी बसलेली शिडी. आपल्या वर्गाला अजून दहा मिनिटं होती, म्हणून टिचकी दाराशी रेंगाळली.

आत नामाचं लिंग चाललं होतं. शिडीनं हात वर केला. तिचा हात वर झाला की तो पंख्याच्याच जवळ जायचा.

"बाई, चादर 'ती' आणि टॉवेल 'तो' का? दोन्ही एकाच यंत्रात धुतो, दोन्ही सारखीच मळतात. उलट टॉवेलच जास्त नाजूक!"

"रूढी आहे," बाई म्हणाल्या.

"रूढी कुणी पाडली?"

बाईंनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. टिचकी हसू दाबत तिथून पळाली आणि आपल्या वर्गात जाऊन बसली.